बर्फ, भूक आणि हिशोब : जॅक लंडनच्या उत्तरेतल्या कथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या क्लोंडाइकच्या (कॅनडाच्या यूकॉन प्रदेशातला सोन्यासाठी गाजलेला भाग) कथा-कादंबऱ्यांबद्दल आहेत. उत्तरांत शेवट उघड केलेले आहेत. त्याने मजा जाईल असं वाटत असेल तर निदान ‘टु बिल्ड अ फायर’ ही कथा आधी वाचून या, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

लंडनला निसर्गवादी लेखक म्हणतात. निसर्गवाद म्हणजे निसर्गाचं सुंदर वर्णन का?

नाही. निसर्गवादी लेखकाला पहाट, धबधबे आणि पक्ष्यांचे थवे यांत फारसा रस नसतो. त्याचा प्रश्न वेगळा असतो : अमक्या रक्ताचा, अमक्या वस्तीत वाढलेला माणूस अमक्या परिस्थितीत सापडला तर त्याचं काय होईल? फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने १८८० साली ‘ल रोमाँ एक्स्पेरिमाँताल’मध्ये (म्हणजे ‘प्रायोगिक कादंबरी’) ही भूमिका उघड मांडली. क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाचं प्रयोगनिष्ठ वैद्यकावरचं १८६५ सालचं पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर होतं. वैद्यकात जसा प्रयोग करतात तसा कादंबरीकाराने माणसांवर करावा, असं त्याचं म्हणणं. अनुवंश आणि परिस्थिती या दोन गोष्टी ठरवतात, पात्राच्या इच्छेला त्यातून उरेल तेवढीच जागा.

झोलाची माणसं खाणीत, बाजारात, दारूच्या गुत्त्यात दिसतात. अमेरिकेत स्टीफन क्रेन, फ्रँक नॉरिस, थिओडोर ड्रायझर यांनी हा धागा उचलला आणि त्यांचंही बरंचसं लेखन शहरातलंच आहे. लंडनने तीच रीत यूकॉनच्या बर्फात नेली आणि तिचं रूपच पालटलं. शहरात ‘परिस्थिती’ म्हणजे पगार, घरभाडं, शेजारी, व्यसन असं सगळं एकात एक कालवलेलं असतं. माणूस कशामुळे बुडाला यावर वाद घालता येतो. उत्तरेत तशी सोय नाही. एक तापमान, एक भूक आणि मुक्कामापर्यंतचं अंतर एवढंच उरतं.

मग नेहमीच्या साहसकथेपेक्षा यात वेगळं काय?

‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) आठवा. क्रूसोही एकटा पडतो, तोही सामान मोजतो, दिवसांची नोंद ठेवतो. पण त्याच्या बेटावर देव आहे. संकट आलं की ते त्याच्या पापाशी जोडता येतं, सुटका झाली की आभार मानता येतात. शेवटी बेटाचा मालक होऊन तो परततो. साहसकथेत सहसा असंच असतं : रान परीक्षा घेतं आणि लायक माणसाला पास करतं.

लंडनच्या रानाला परीक्षा घ्यायची नसते. तिथे माणूस आला हेच रानाला ठाऊक नसतं. स्टीफन क्रेनच्या ‘द ओपन बोट’मध्ये (१८९७) हीच गोष्ट समुद्रावर घडते. क्रेन स्वतः ‘कमोडोर’ नावाच्या बोटीवर होता. २ जानेवारी १८९७ रोजी ती फ्लोरिडाजवळ बुडाली आणि तो तिघांबरोबर लहानशा होडीत अडकला. कथेतल्या चौघांना चीड येते ती लाटांची नाही. आपण बुडालो तरी कोणाला काही फरक पडणार नाही, याची येते. दगड मारावा म्हटलं तर मारायला देऊळसुद्धा नाही, अशा अर्थाचं एक कडवट वाक्य त्या कथेत आहे. चौघांतला सगळ्यांत धडधाकट माणूस, ज्याने सगळ्यांत जास्त वल्ही मारली, तोच किनाऱ्यापाशी मरतो. प्रत्यक्षातही तसंच झालं होतं.

लंडन स्वतः क्लोंडाइकला गेला होता, की घरी बसून लिहिलं?

गेला होता. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. ती बातमी जुलै १८९७ मध्ये सोन्यासकट जहाजांतून सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला पोचली, आणि त्याच महिन्यात एकवीस वर्षांचा लंडन आपल्या मेहुण्याबरोबर निघाला. मेहुणा वयस्कर होता, वाटेतल्या चिलकूट खिंडीचं रूप पाहून तो परत फिरला. लंडन पुढे गेला.

त्या खिंडीतलं हमालीचं काम समजून घेतलं की त्याच्या कथा वेगळ्या वाचल्या जातात. तिकडे जाणाऱ्याला वर्षभराचं अन्न बरोबर नेणं भाग होतं. पुढे कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी सरहद्दीवर तसा नियमच केला. अवजारं, तंबू, कपडे धरून हे ओझं साधारण एक टन भरे. एक टन सामान माणसाच्या पाठीवरून न्यायचं म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा चढायचा : थोडं वर टाकायचं, रिकाम्या हाताने खाली यायचं, परत उचलायचं. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे ३,००० घोडे मेले आणि त्या वाटेला ‘मेलेल्या घोड्यांची वाट’ असंच नाव पडलं. एक लाखाच्या आसपास लोक घरून निघाले असावेत असा अंदाज सांगतात. त्यांतले ३०-४० हजार क्लोंडाइकमधल्या डॉसन या गावी पोचले, आणि सोनं हाती लागलेले मोजकेच.

लंडनने तो हिवाळा स्ट्युअर्ट नदीच्या परिसरात एका लाकडी खोपटात काढला. बेकन, घेवडा आणि पाव यांवर राहून त्याला स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, पाय आखडले. १८९८ च्या उन्हाळ्यात होडीतून यूकॉन नदीने खाली येत तो घरी परतला. सोनं जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. पण हिवाळाभर शेकोटीभोवती ऐकलेले लोकांचे किस्से होते. जानेवारी १८९९ पासून ते ‘ओव्हरलँड मंथली’ मासिकात कथारूपाने छापून यायला लागले.

‘टु बिल्ड अ फायर’मधल्या माणसाची नेमकी चूक कोणती?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर द्यायला कथेतून पावलापावलाने जावं लागतं.

उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे उणे ५९ सेल्सिअसच्या थंडीत एक बिननावाचा माणूस एकटा निघालाय. सोबत एक हस्की कुत्रा. हेंडरसन क्रीकच्या डाव्या फाट्यावरच्या तळावर संध्याकाळी सहापर्यंत पोचायचं, तिथे दोस्त आहेत, शेकोटी असेल, गरम जेवण असेल. या प्रदेशातला त्याचा हा पहिलाच हिवाळा. सल्फर क्रीकवरच्या एका जुन्या जाणत्या म्हाताऱ्याने त्याला बजावलेलं असतं की उणे ५० च्या खाली गेल्यावर एकट्याने प्रवास करू नये. त्याला ते हसण्यावारी न्यावंसं वाटतं.

आता चुका मोजा. दुपारी तो जेवायला बसतो तेव्हा आधी शेकोटी पेटवायची विसरतो, बोटं बधिर होतात, मग त्याच्या लक्षात येतं आणि तो शेकोटी करतो. ही चूक निभावते. पुढे ओढ्यावर बर्फाखाली न गोठलेलं झऱ्याचं पाणी असतं. त्याला अशा जागांची कल्पना आहे, एका ठिकाणी तर त्याने कुत्र्याला पुढे ढकलून खात्री करून घेतलेली असते. पण जिथे काहीच खूण नव्हती तिथेच पाय आत जातो आणि तो पोटऱ्यांपर्यंत भिजतो. ही चूक म्हणायची की नशीब? भिजल्यावर तो जे करतो ते अगदी बरोबर आहे. घाई न करता काडीकाडीने आग लावतो, आणि ती पेटते. इथे तो वाचलेला आहे. म्हाताऱ्याची आठवण काढून तो मनात हसतोसुद्धा.

मग झाडावरचं बर्फ खाली येतं. त्याने आग स्प्रूसच्या झाडाखाली पेटवली होती, कारण तिथून फांद्या ओढून सरळ आगीत टाकणं सोपं होतं. पण प्रत्येक काटकी ओढताना झाड जरासं हलत होतं. वरच्या एका फांदीवरचा बर्फ खालच्या फांदीवर, तिथून त्याच्या खालच्या, असं करत सगळा भार आगीवर कोसळतो. उघड्यावर आग लावायला हवी होती, हे त्याला तेव्हा कळतं.

यानंतरची दोन-तीन पानं इंग्रजी कथेतली मला ठाऊक असलेली सगळ्यांत निर्दय पानं आहेत. बोटांत काडी धरवत नाही. तो दातांनी काडी धरून मांडीवर घासतो, तर गंधकाचा धूर नाकात जाऊन ठसका लागतो आणि काडी विझते. शेवटी दोन्ही तळहातांच्या टाचांत सगळ्या सत्तर काड्यांचा जुडगा दाबून तो एकदम पेटवतो. स्वतःचं मांस जळल्याचा वास त्याला येतो, वेदना नंतर जाणवते. झाडाची साल पेट घेते. मग ओल्या शेवाळाचा एक तुकडा इवल्याशा आगीवर पडतो, तो बाजूला करताना थरथरत्या हाताने सगळी आगच विस्कटते.

म्हणून चूक एक नाही. प्रत्येक चूक सुटी सुटी निभावण्यासारखी आहे, आणि दोघं असते तर कुठलीच जिवावर बेतली नसती. दुसऱ्याच्या हातांनी काडी ओढली असती. लंडन सुरुवातीलाच सांगून टाकतो की या माणसाला कल्पनाशक्ती नव्हती. उणे पन्नास म्हणजे त्याच्या लेखी एक आकडा होता, आणि आपलं शरीर किती अरुंद पट्टीत जगू शकतं इथपर्यंत तो आकडा त्याला नेत नाही. कुत्र्याला आकडा माहीत नाही, तरी या थंडीत बाहेर पडू नये हे त्याला कळतं.

या कथेत माणूस वाचतो असं मी कुठेतरी वाचलंय. खरं का?

खरं आहे, कारण कथा दोन आहेत. पहिली मे १९०२ मध्ये ‘द यूथ्स कम्पॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकात आली. तिच्यात माणसाला टॉम व्हिन्सेंट असं नाव आहे, कुत्रा नाही, आणि तो हिमदंश झालेले हातपाय घेऊन का होईना जिवंत परततो. एकट्याने जाऊ नये हा धडा त्याला मिळतो. दुसरी, म्हणजे आपण सगळे जी ओळखतो ती, ऑगस्ट १९०८ च्या ‘सेंच्युरी’ मासिकातली. मधल्या सहा वर्षांत लंडनने नाव काढून टाकलं, कुत्रा आणला आणि माणूस मारला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कुत्र्याच्या येण्याने केवढा फरक पडलाय ते दिसेल : आता थंडीकडे बघणारे दोन जीव आहेत, आणि त्यांतल्या एकाला ती समजते.

इतकी थंडी तिथे खरंच पडते?

पडते. यूकॉनमधल्या स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ सेल्सिअसच्या आसपास नोंद झाली. उत्तर अमेरिका खंडावरचा तो नीचांक मानला जातो. पारा उणे ३९ च्या सुमारास गोठतो, त्यामुळे पाऱ्याचा थर्मामीटर तिथे त्याच्या कितीतरी आधीच निकामी होतो.

म्हणजे ‘बळी तो कान पिळी’ हेच लंडनचं सांगणं ना?

असं सर्रास म्हटलं जातं, आणि लंडनही त्याला थोडा जबाबदार आहे. तो डार्विन आणि इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर वाचून भारावलेला होता. ‘सर्वांत लायक ते टिकतात’ हा शब्दप्रयोग मुळात स्पेन्सरचा, १८६४ सालचा. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये (१९०३) सोटा आणि सुळे यांच्या कायद्याची भाषा पानोपानी आहे. पण कोण जगतं आणि कोण मरतं याची यादी करून बघितली तर चित्र वेगळं निघतं.

या कादंबरीचा नायक बक हा चांगला १४० पौंडांचा कुत्रा, ताकद आहेच. पण कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाच्या बंगल्यातून चोरून उत्तरेत आणल्यावर त्याला वाचवतं ते शिकणं. पहिल्या रात्री थंडीने कुडकुडत तो तंबूत शिरू पाहतो, मालक हाकलतात. मग त्याला दिसतं की बाकीची कुत्री बर्फात खड्डा करून आत मुटकुळं करून झोपलीत. पुढच्या वेळी तो तेच करतो. पाइक नावाचा लुच्चा कुत्रा पेरोची (पेरो आणि फ्रान्स्वा हे बकचे उत्तरेतले पहिले मालक) पाठ वळताच बेकनचा तुकडा लांबवतो, ते बघून दुसऱ्या दिवशी बक आख्खा गठ्ठाच पळवतो. मार पडतो डब नावाच्या कुत्र्याला, कारण तो वेंधळा म्हणून कुप्रसिद्ध. बंगल्यात वाढलेल्या बकचे पंजे मऊ असतात, म्हणून फ्रान्स्वा स्वतःच्या मोकासिनचं, म्हणजे मऊ पादत्राणाचं, चामडं कापून त्याला चार बूट करून देतो. एका सकाळी फ्रान्स्वा ते घालायला विसरतो, तर बक पाठीवर लोळून चारही पाय वर करून पडून राहतो, बूट घातल्याशिवाय उठायचं नाव काढत नाही. पेरोसारख्या रापलेल्या माणसालाही हसू येतं. यात बळाचा भाग किती?

शिवाय बक जगतो तो माणसांच्या जिवावरसुद्धा. फ्रान्स्वाने बूट केले नसते, पुढे सोट्याने मारत सुटलेल्या हॅल या मालकावर जॉन थॉर्नटन धावून गेला नसता, तर कादंबरी मधेच संपली असती.

लंडन समाजवादी होता हेही विसरलं जातं. ओकलंडच्या महापौरपदाची निवडणूक त्याने समाजवादी उमेदवार म्हणून दोनदा लढवली, १९०१ आणि १९०५ मध्ये. त्याच काळात, १९०२ साली, रशियन विचारवंत क्रोपोत्किनचं परस्पर-साहाय्यावरचं पुस्तक आलं. सैबेरियातल्या कडाक्यात प्राणी एकमेकांच्या आधाराने टिकतात हे त्याने पाहिलं होतं. लंडनच्या डोक्यात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी होते आणि त्यांचा मेळ त्याला कधीच नीट घालता आला नाही. मला तरी वाटतं त्याच्या उत्तम कथा या न सुटलेल्या गाठीतूनच आल्या. जिथे त्याने गाठ सोडवायचा अट्टहास केला तिथे भाषण ऐकू येतं.

या कथांत पात्रं सतत काहीतरी मोजत का असतात?

हे लक्षात आलं असेल तर तुम्ही मर्माला हात घातलाय. लंडनच्या उत्तरेत जगणं-मरणं शौर्यावर फारसं ठरत नाही, हिशोबावर ठरतं. आणि हिशोब कागदावर बरोबर असून भागत नाही.

‘लव्ह ऑफ लाइफ’ (१९०५) मधला माणूस घ्या. पाय मुरगळलाय, बिल नावाचा सोबती मागे वळूनही न बघता निघून गेलाय. बंदूक आहे, गोळ्या नाहीत. तो गाठोडं सोडून आगकाड्या मोजतो : सदुसष्ट. तीन वाटे करतो, तेलकट कागदात गुंडाळून एक तंबाखूच्या रिकाम्या थैलीत, एक टोपीच्या आतल्या पट्टीत, एक छातीशी शर्टाखाली. मग एकाएकी धास्तावून सगळ्या पुड्या सोडतो आणि पुन्हा मोजतो. सदुसष्टच आहेत. त्याच गाठोड्यात पंधरा पौंड सोनं आहे, बाकी सगळ्या सामानाच्या वजनाइतकं. ते टाकवत नाही. आधी अर्धं लपवतो, मग उरलेल्यातलं अर्धं, शेवटी सगळंच जमिनीवर ओततो. किती दिवसांनी सोन्याची किंमत शून्य होते ते लंडन असं टप्प्याटप्प्याने दाखवतो. पुढे बिलची हाडं सापडतात, शेजारी त्याची सोन्याची थैली. बिलने ती शेवटपर्यंत सोडलेली नव्हती.

‘व्हाइट फँग’ची (१९०६) सुरुवातही मोजणीनेच होते. बिल (हा वेगळा) आणि हेन्री शवपेटी घेऊन चाललेत. कुत्री सहा, बिलने मासे काढले सहा, प्रत्येकाला एक दिला, आणि एक मासा कमी पडला. म्हणजे अंधारात सातवं कोणीतरी जेवून गेलं. तिथून रोज रात्री एकेक कुत्रं कमी होतं, आणि बंदुकीत गोळ्या तीन.

आणि ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मधला हॅल! हे माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण. हॅल, चार्ल्स आणि मर्सिडीज हे त्रिकूट शहरातून आलंय, स्लेजवर (कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी) घरदार लादलंय. ओझं हलेना म्हणून आणखी कुत्री विकत घेतात, आकडा चौदावर नेतात. त्या प्रदेशात एका स्लेजला चौदा कुत्री कोणी लावत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे : एका स्लेजवर चौदा कुत्र्यांचं खाणं मावत नाही. या मंडळींनी मात्र पेन्सिलीने गणित मांडलेलं असतं. एका कुत्र्याला इतकं, कुत्री इतकी, दिवस इतके. मर्सिडीज मागून डोकावून मान डोलावते. निम्म्या वाटेवर खाणं संपतं. शेवटी वसंतातल्या पातळ झालेल्या बर्फावरून जाऊ नका असं थॉर्नटन सांगतो, हॅल ऐकत नाही, आणि गाडी-कुत्र्यांसकट ते तिघे नदीत जातात. बकने चालायलाच नकार दिला होता, म्हणून तो काठावर राहिला.

बरोबर सोबती असला की माणूस वाचतो, असा निष्कर्ष काढायचा का?

इतका सरळ नाही. ‘इन अ फार कंट्री’ (१८९९) मध्ये दोन आळशी माणसं एका खोपटात हिवाळा काढायला राहतात. लाकूडफाटा आहे, अन्न आहे, छप्पर आहे. तरी आधी रोजची कामं बंद होतात, मग बोलणं बंद होतं, मग साखरेचे वेगळे वाटे होतात. दुसऱ्याने आपली साखर चोरली या संशयावरून दोघं एकमेकांना मारतात, एकाच्या हाती कुऱ्हाड आणि दुसऱ्याच्या हाती पिस्तूल. बाहेरच्या थंडीला त्यांना हात लावावा लागत नाही.

आणि ‘द लॉ ऑफ लाइफ’ (१९०१). म्हातारा, आंधळा झालेला कोस्कूश. त्याची टोळी स्थलांतर करते तेव्हा त्याला थोड्या काटक्या आणि एक शेकोटी देऊन मागे ठेवलं जातं. मुलगा त्याचा निरोप घेतो, त्यात क्रौर्य नाही. कोस्कूशनेही आपल्या बापाला असंच मागे ठेवलेलं असतं. तो एकेक काटकी आगीत टाकत बसतो. लहानपणी लांडग्यांनी घेरलेला एक म्हातारा मूस (उत्तरेतलं मोठं हरीण) त्याने पाहिला होता, तो त्याला आठवतो. आता लांडगे त्याच्याभोवती गोल करून बसतात, तो जळती काटकी फिरवतो, आणि मग ती बर्फात टाकतो. लंडन त्या टोळीला दोष देत नाही. वाचणाऱ्याला मात्र राग येतो, आणि कोणावर काढावा ते समजत नाही.

प्राणी माणसासारखा विचार करतात हे दाखवणं अवैज्ञानिक नाही का?

हा आक्षेप त्या काळीच घेतला गेला, आणि घेणारा साधासुधा नव्हता. मार्च १९०३ च्या ‘अटलांटिक मंथली’त जॉन बरोज या निसर्गलेखकाने खोट्या प्राणिकथांवर झोड उठवली. लंडनचं नाव त्या वादात पुढे आलं. १९०७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने अशा लेखकांना निसर्गाच्या नावाखाली थापा मारणारे ठरवलं आणि ‘व्हाइट फँग’मधल्या बुलडॉगबरोबरच्या झुंजीची खिल्ली उडवली. लंडनने सप्टेंबर १९०८ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात उत्तर दिलं. माझे कुत्रे अमूर्त विचार करत नाहीत, सहजप्रेरणा आणि साधी तर्कबुद्धी यांवर चालतात, आणि हे स्पष्ट व्हावं म्हणून मी कथेचा ओघ तोडून तशी वाक्यं घातली, असा त्याचा बचाव होता.

बचाव निम्मा पटतो. बकचं बर्फात खड्डा करणं, व्हाइट फँगचं लहानपणी भिंत आणि उजेड यांतला फरक चाचपून बघणं, हे प्राण्याच्या पातळीवरचं आहे. पण बकला आगीपाशी आदिमानवाची स्वप्नं पडतात तिथे लेखक स्वतःचं वाचन कुत्र्याच्या डोक्यात भरतोय. आणि ‘व्हाइट फँग’चा शेवट, जिथे तो रानटी प्राणी कॅलिफोर्नियाच्या उन्हात न्यायाधीशाच्या घरचा लाडका होतो, तो माझ्या मते पहिल्या तीस पानांच्या लेखकाने लिहायला नको होता.

त्याच्या लेखनातल्या वंशवादाचं काय?

तो आहे, आणि झाकण्यासारखा नाही. गोऱ्या, विशेषतः अँग्लो-सॅक्सन वंशाच्या श्रेष्ठत्वावर लंडनचा विश्वास होता. ‘कॉल ऑफ द वाइल्ड’च्या शेवटी थॉर्नटनला मारणारी ‘यीहॅट’ जमात त्याने मनाने रचली. प्रत्यक्षात क्लोंडाइकच्या मुखाशी त्रोंडेक ह्वेचिन लोक राहत होते, आणि ज्या शोधातून ही सोन्याची झुंबड उठली त्यात टॅगिश समाजाचा कीश, ज्याला गोरे स्कूकम जिम म्हणत, सामील होता. सोनं शोधायला आलेल्यांनी जागा व्यापली तेव्हा चीफ आयझॅकने १८९७ मध्ये आपल्या लोकांना नदीने खाली मूसहाइडला नेलं. २०२३ मध्ये त्रोंडेक-क्लोंडाइक हे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, ते त्या लोकांनी हा आघात कसा सोसला त्याचीही साक्ष म्हणून.

लंडनच्या कथांतलं ‘निर्मनुष्य’ रान हे असं कोणाचं तरी घर होतं. ओसाड प्रदेशात टिकून राहण्याचं जे ज्ञान त्याच्या जाणत्या पात्रांकडे दिसतं, मोकासिनपासून स्लेजच्या कुत्र्यांपर्यंत, त्यातलं बरंच तिथल्याच लोकांकडून आलेलं आहे. हे ध्यानात ठेवून वाचावं. वाचूच नये, असं मी म्हणणार नाही.

लेनिनला मृत्यूपूर्वी लंडनची कथा वाचून दाखवली होती, ही दंतकथा का?

नाही, त्याची पत्नी क्रुप्स्काया हिनेच लिहून ठेवलंय. जानेवारी १९२४ मध्ये, लेनिनच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, तिने त्याला ‘लव्ह ऑफ लाइफ’ वाचून दाखवली आणि ती त्याला फार आवडली. लंडनचीच पुढची कथा वेगळ्या वळणाची, भांडवलदारी नीतीने भरलेली निघाली, तेव्हा तो हसला आणि हाताने झटकून टाकल्यासारखं केलं.

मराठीत या जातीचं काही आहे का?

अगदी हेच नाही, आपल्याकडे हा बर्फ नाही आणि एकाकी भटक्याची परंपराही नाही. पण व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (१९८२) लंडननंतर लगेच वाचून बघा. वानरांच्या टोळ्या, सत्तेसाठीचा झगडा, आणि लेखकाने कुठेही वानरांच्या तोंडी माणसाचं तत्त्वज्ञान न घालण्याची घेतलेली काळजी. रूझवेल्टला जी तक्रार होती ती इथे करायला वाव नाही. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच छोट्या कादंबरीला मिळाला. त्यांच्याच ‘बनगरवाडी’च्या अखेरीला दुष्काळाने गाव उठतं, तिथेही पाऊस कोणावर रागावलेला नसतो, तो नुसता येत नाही.

मुलांना द्यावं का? आणि सुरुवात कशाने करावी?

‘कॉल ऑफ द वाइल्ड’ आपल्याकडे कुत्र्याची गोष्ट म्हणून लहान मुलांच्या हातात जाते. त्यात कर्ली नावाची गरीब कुत्री पहिल्याच दिवशी फाडली जाते, डेव्ह आजारी असूनही जुंपून घेण्याचा हट्ट धरतो आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला झेपेल, पण संक्षिप्त आवृत्ती नको. तिच्यात नेमका हाच भाग कापलेला असतो.

मोठ्यांनी ‘टु बिल्ड अ फायर’, मग ‘लव्ह ऑफ लाइफ’, मग ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ या क्रमाने जावं. ‘व्हाइट फँग’ घेतलीत तर निदान पहिली तीन प्रकरणं एका बैठकीत वाचा. लंडन १९१६ मध्ये वारला, त्यामुळे भारतात त्याचं सगळं प्रकाशित लेखन हक्कमुक्त आहे आणि मूळ इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. ‘टु बिल्ड अ फायर’ तिथे शोधताना १९०८ चीच उघडलीय ना ते पाहा. पहिल्याच पानावर टॉम व्हिन्सेंट भेटला तर ती मुलांची आवृत्ती.